पलीकडच्या बाजूची अकरा भोकं

गाडीची माती भट्टीतून काढली की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बाहेरच्या माणसाला हमखास मळमळतं. मला एकोणीस वर्षांत कधी मळमळलं नव्हतं. या गाडीने तीही हौस भागवली.

माती म्हणजे बागेतली नव्हे. चॉकलेटी, तेलकट, गरम केली की लोण्यासारखी आणि थंड झाली की खडूसारखी. नवीन गाडी पत्र्यात घडवण्याआधी तिचा खराखुरा आकार या मातीत करतात, अगदी पूर्ण मापाचा. हाताने लावायची, पात्याने खरवडायची, परत लावायची, परत खरवडायची. आमच्या कंपनीत हे काम करणारे दोघंच होतो, मी आणि माझी बायको. आमचं लग्न जमलं ते याच हॉलमध्ये, एका पात्यावरून भांडण होऊन. ती माझ्यापेक्षा सरस कारागीर आहे. हे मी घरी बोलत नाही.

कंपनी मात्र गाड्यांची नाही, पाण्याच्या पंपांची. आम्ही इतकी वर्षं याच मातीत पंपांची झाकणं घडवत होतो. मग झाकणं संगणकावर व्हायला लागली आणि आम्ही दोघं हॉलमध्ये माश्या मारायला लागलो. तेवढ्यात मालकांच्या व्याह्यांनी सुपरकार घेतली.

व्याही ती गाडी घेऊन मालकांकडे जेवायला आले. गाडी इतकी बुटकी की फाटकाच्या उंबऱ्यावर पोट घासलं, म्हणून ती बाहेर रस्त्यावरच ठेवावी लागली. दोन तास अख्खी गल्ली त्या गाडीभोवती, आणि मालकांच्या घशाखाली घास उतरेना. सकाळी हुकूम सुटला. तशी गाडी विकत घ्यायची नाही, आपण स्वतः बनवायची.

त्यासाठी एक डिझाइनवाले साहेब आणले. बारा महिने तेरा काळ काळे कपडे. बोलायचे कमी, सगळा कारभार भुवयांवर. एक भुवई वर गेली की ‘बघू’, दोन्ही गेल्या की ‘मालकांना आवडेल’. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव भुवईसाहेब पडलं होतं. त्यांनीच आम्हाला सांगितलं, "गाडी पास झाली तर हॉल राहील. नाही झाली तर पुढच्या महिन्यापासून इथे पंपांची खोकी लागतील. तुम्ही दोघं बघा मग."

बघायचं काय होतं? पन्नाशीला टेकलेल्या दोन मातीवाल्यांना कोण दारात उभं करतंय!

आता आमच्या धंद्यातली एक पद्धत. वेळ आणि माती वाचवायची तर आधी अर्धीच गाडी करतात, मधोमध चिरल्यासारखी. आणि जिथे चिरली तिथे गाडीएवढा आरसा उभा करायचा. समोरून बघितलं की अर्धी खरी, अर्धी आरशातली, मिळून एक अख्खी गाडी. धंद्यातलं शेंबडं पोरही हे जाणतं. त्यामुळे कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

ती अर्धी गाडी हिने केली. मी माती तापवून दिली, जड फळ्या उचलल्या, बाकी सगळं हिचं. पुढच्या चाकावरून एक रेघ निघायची, दारावरून जराशी खाली वाकायची आणि मागच्या चाकावर अलगद चढायची. मांजर उठताना पाठ ताणतं ना, तशी. त्या एका रेघेवर हिचे पाच महिने गेले. डोळे मिटून तळवा फिरवायची आणि म्हणायची, "इथे अजून केसभर दुखतंय हो." मला काही दुखायचं नाही. पण खरवडून झालं की मलाही कळायचं, की मघाशी खरंच दुखत होतं.

मालक बघायला आले ते सहकुटुंब. मालकीणबाई आणि जावईबापू. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह आमच्या कंपनीत रोज अकराला उगवायचा, खुर्चीत बसून परदेशी गाड्यांचे व्हिडिओ बघायचा आणि चारला मावळायचा. भुवईसाहेबांनी हॉलभर काळे पडदे सोडले होते. उजेड फक्त गाडीवर, माणसं अंधारात.

मालकांनी चष्मा पुसला. बराच वेळ बघितलं. "ही इकडची बाजू फक्कड झालीय."

हिने माझं मनगट दाबलं.

"पण ती पलीकडची जमलेली नाही."

मला वाटलं, मालक थट्टा करतायत. मी हसायला तोंड उघडलं, तर भुवईसाहेबांची एक भुवई माझ्याकडे वळली. मी ते तोंड जांभईसाठी वापरलं.

"बाई गं, मला तर आल्यापासून खटकतेय," मालकीणबाई म्हणाल्या. "इकडची कशी हसरी आहे. ती पलीकडची जरा खाष्ट वाटते. आमच्या नणंदेसारखी."

"बाबा, तिकडे हवा अडकतेय," जावईबापू म्हणाले. "मला इथे बसून जाणवतंय."

"आणि पलीकडे बसलेत ते कोण?" मालकांनी विचारलं. आरशात खाली, गाडीच्या नाकापुढे, यांच्याच बुटांची आणि चपलांची रांग दिसत होती.

भुवईसाहेब म्हणाले, "आपलीच माणसं आहेत, मालक."

"त्यांना सांगा पाय हलवू नका म्हणून. लक्ष जातं." असं म्हणून मालक स्वतःचा पाय हलवायचे थांबले. "हां. आता बरं."

मंडळी गेल्यावर मी भुवईसाहेबांना गाठलं. "साहेब, आरसा आहे म्हणून सांगून टाका ना."

"डोकं फिरलंय का? बायकोजावयासमोर मालकांना सांगू, की तुम्ही आरशाला नावं ठेवलीत?"

"मग करायचं काय?"

"आरसा काढून पलीकडची बाजू बनवायची. त्यांनी सांगितलेल्या सुधारणा करून. तीन आठवडे आहेत."

ही पातं पुसत होती. "म्हणजे जी बाजू नाहीच, तिच्यातल्या चुका काढायच्या?"

"तसंच समजा."

"मग तीन आठवडे कशाला? नसलेल्या चुका तर आत्ताच निघाल्या."

भुवईसाहेबांच्या दोन्ही भुवया एकदम खाली आल्या. असं मी पहिल्यांदाच बघितलं. "हॉल हवाय ना तुम्हाला?" एवढंच म्हणाले आणि गेले.

हिने पलीकडच्या बाजूला हात लावला नाही. "मला ते जमायचं नाही. तुम्हाला जमत असेल तर करा," म्हणाली. मला जमलं.

मतं येतच राहिली. मालकीणबाईंनी त्यांच्या नव्या सोफ्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘असा गुबगुबीतपणा हवा.’ मी चाकावर सोफ्याच्या हातासारखा गाल चढवला. मालकांचा निरोप आला की दिवा रागीट पाहिजे. मी दिव्यावर मातीची जाड पापणी घातली, तर रागाऐवजी डोळ्यावर रांजणवाडी आल्यासारखं दिसायला लागलं. भुवईसाहेब म्हणाले, "चालेल, रांजणवाडी झालेला माणूस चिडलेलाच असतो." मग मालकांना वाटलं की आपल्या कंपनीची ओळख कुठेतरी दिसावी. दाराच्या मागे पंपाचं तोंड बसवलं, पाण्याचा पाइप लावतात ते.

आणि भोकं. जावईबापूंना हवा आत घ्यायची होती. पहिल्या दिवशी एक भोक, दुसऱ्या दिवशी दोन. मग ग्रह उगवला की एक भोक वाढायचंच. मी एकदा विचारलं, "जावईबापू, ही हवा आत जाऊन करणार काय?"

"थंड करणार."

"कशाला?"

"सगळ्याला," ते म्हणाले आणि बोटाने सातव्याची जागा दाखवून गेले.

अकरा झाली तेव्हा त्या बाजूकडे बघवेना. गोचीड उपटल्यावर गुराच्या अंगावर ओल्या जखमा राहतात, तशी ओळीने भोकं. वर सोफ्याचा गाल. त्यावर रंगाचा भास व्हावा म्हणून चंदेरी पातळ कागद ताणून बसवतात, तो कुठेच धड बसेना. शिळ्या दुधावरच्या सायीसारखा चुण्या पाडून बसला. पंपाचं तोंड तर असं दिसे, की गाडीला उलटी येतेय आणि तिने ती कशीबशी अडवून धरलीय. काम करताना मी मान दुसरीकडे करायचो. हाताला कळतंच. हाताला डोळे नसतात हे एक बरं असतं.

घरी ही विचारायची, "शिसारी येत नाही हो तुम्हाला?"

"येते."

"मग?"

"अगं, हॉल राहायला हवा ना."

"हां. हात घासून या आधी, मग ताटाला लावा."

तीन आठवडे संपले आणि मंडळी परत आली. आता एक चूक मी केली होती. कबूल करतो. माती पातळ थरांनी लावायची असते, एक थर थंड झाला की दुसरा. वेळ नव्हता म्हणून मी त्या गालाची चार बोटं जाडी एका दमात थापली होती. आणि भुवईसाहेबांनी ऐट म्हणून दिवे दुप्पट लावले होते, चांगले तापणारे.

मालक येऊन बसले आणि गाल उतरायला लागला.

एकदम नाही. दुपारच्या जेवणानंतर एखाद्या मामांची मान उतरते तसा, सावकाश. आधी चंदेरी कागदाला एक सुरकुती आली. मग रांजणवाडीची पापणी अर्धी मिटली. भुवईसाहेबांच्या दोन्ही भुवया वर गेल्या त्या तिथेच राहिल्या.

"वा!" मालक म्हणाले. "आता हिच्यात जीव आलाय. बघता बघता बदलतेय असं वाटतं."

"लाजतेय जणू," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि गाल किती गोड!"

गाल तोवर बोटभर खाली आला होता आणि सहाव्या भोकाच्या तोंडावर लोंबत होता. मी मनात म्हटलं, उरका लवकर, नाहीतर मांडीपर्यंत येईल.

जावईबापू उठले. "बाबा, हवा कशी जाते दाखवतो." त्यांनी पाचव्या भोकात हात घातला, कोपरापर्यंत. "इथून शिरली की अशी आत..." आत माती गरम होती. तिने हात धरला. जावईबापूंनी ओढला, येईना. हसले. परत ओढला. मग एक पाय गाडीला लावून जोर केला, तेव्हा हात सुटला, पण एकटा सुटला नाही. पाचवं भोक, सहावं भोक आणि गालाचा अर्धा लगदा घेऊन सुटला. पांढऱ्या शर्टाची बाही चॉकलेटी झाली. त्यांच्याच चष्म्यावर एक गोळा बसला. आणि आतल्या ऊन मातीचा कोंडलेला वास हॉलभर सुटला.

मालकीणबाईंनी नाकाला रुमाल लावला. "इथे काही मेलंय का?"

"हो," ही म्हणाली.

मी हिच्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता, पण मालकांचं लक्ष नव्हतं. ते उभे राहिले होते. "हरकत नाही! एखाद-दुसरं भोक काय, परत पाडता येईल. ही बाजू पास. मला पाहिजे होती तशी झाली."

मी श्वास सोडला. हॉल राहिला.

"पण आता ही इकडची फिकी वाटते हो," मालक पुढे म्हणाले. "हिच्यात काही घडतच नाही. नुसती रेघ. हीपण पलीकडच्यासारखी करून टाका."

हिच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. भुवईसाहेबांनी लगेच मान डोलावली. त्यांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण ते म्हणाले, "माझ्याही मनात तेच होतं."

"मालक, एक बोलू का?" ही पुढे झाली.

"बोला ना बाई."

"मागच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा पलीकडे बाजूच नव्हती. आरसा होता. तुम्हाला आवडली ती ही बाजू. आणि आवडली नाही तीही हीच."

लगद्याचा एक गोळा सुटून फरशीवर पडला. पचक. मालकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी भुवईसाहेबांकडे बघितलं, तर तिथे दोन्ही भुवया कपाळावरून पळून जायच्या बेतात होत्या. मग जावयाकडे बघितलं. जावईबापू कानातली माती काढत होते.

"म्हणजे बाबा," ते म्हणाले, "आरसाच भिकार होता. चांगली गाडी वाईट दाखवत होता."

मालकांचे खांदे खाली आले. बुडत्याला काडी मिळावी तसे ते जावयाकडे बघत राहिले. त्या घरात जावयाकडे असं कुणी पहिल्यांदाच बघितलं असेल.

"तरीच!" मालकीणबाई म्हणाल्या. "पलीकडे त्या बाईचे पाय इतके सुजलेले, तेव्हाच मला शंका आली होती."

"आरसा कुणी आणला?" मालक कडाडले.

"बदलून घेतो, मालक," भुवईसाहेब म्हणाले.

"आधी बदला. आणि बाई, तुम्ही तोंडावर सांगितलंत, आवडलं मला. माणसं अशी पाहिजेत." मालक आता पुरते सावरले होते. "आरशामुळे का होईना, चांगली बाजू सापडली ना आपल्याला? तर मग ठरलं. इकडचीपण तशीच."

"आणि हॉल?" मी विचारलं. माझी मलाच किळस आली, पण विचारलं.

"हॉल कुठे जातोय? अर्धी गाडी व्हायचीय अजून!"

मंडळी गेली. भुवईसाहेब आरसेवाल्याला फोन करायला गेले. मी मोठं खरवडायचं पातं उचललं आणि हिच्या बाजूला गेलो. कसं सुरू करावं कळेना. ती रेघ तिथे होती, चाकावरून निघून दारावर वाकलेली, आणि मी लोणी चोरायला आलेल्या बोक्यासारखा उभा.

"ठेवा ते," ही म्हणाली. "माझी आहे. मी काढते."

पाच महिन्यांची रेघ तिने पाऊण तासात काढली. रागाने ओरबाडली नाही. मागच्या चाकापासून सुरुवात करून पुढच्या चाकापर्यंत आली, जशी केली होती त्याच्या उलट, प्रत्येक पट्टी सारख्या जाडीची. लांब लांब सालं खाली पडत होती. एकदा मध्येच थांबून तिने दारापाशी तळवा फिरवला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "इथे खरंच केसभर जास्तच होतं बघा," आणि तेही काढलं. मग हात धुतले, साबण लावून दोनदा, पाती पिशवीत भरली. तिची स्वतःची होती ती.

"घ्या," म्हणाली, "पाडा भोकं." आणि निघून गेली. हॉलमध्ये परत आली नाही.

मी पाडली. अकरा इकडे, अकरा तिकडे. गाल, रांजणवाडी, पंपाचं तोंड, सगळं दोन-दोन. मग इंजिनवाले लोक टेप घेऊन आले. त्यांनी चारही बाजूंनी मोजलं, परत मोजलं, आणि विचारलं, "इंजिन कुठे बसवायचं?" जावईबापूंनी प्रत्येक भोक इतकं खोल पाडायला लावलं होतं, की इकडची अकरा आणि तिकडची अकरा मध्ये एकमेकांना भेटली होती. पाचव्यातून बघितलं की पलीकडच्या पाचव्यातून भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. तीन वाजून दहा मिनिटं. हवेला जायला जागाच जागा होती, इंजिनाला मात्र शिंकण्याएवढीही नव्हती.

मालकांनी तरी व्याह्यांना बोलावून दाखवली. व्याही एक फेरी मारून आले. दुसरी मारली नाही. "छान आहे," म्हणाले. "झाकून ठेवता ना?"

तेव्हापासून ती झाकलेली आहे. ‘सध्या थांबलंय’ असं म्हणतात. भुवईसाहेब दुसऱ्या कंपनीत गेले आणि सांगतात म्हणे, ‘एक सुपरकार माझ्या नावावर आहे.’ हॉल राहिला, कारण एवढी मोठी गाडी दारातून बाहेर काढायची कशी हे कुणालाच माहीत नाही. मीही राहिलो. दर सोमवारी चादर काढतो, उतरलेले गाल दोन्ही हातांनी वर ढकलतो, चादर घालतो.

ही आता दातांच्या कारखान्यात आहे. दाताच्या डॉक्टरांकडून ठसे येतात, त्यावरून ही कवळ्या करते. पहिल्या महिन्यातच खुलली. "अहो, काय सुख आहे म्हणून सांगू! ज्याचं तोंड, त्याचंच मत. मेहुणा नाही की जावई नाही. बसली तर म्हणतो बसली, टोचली तर म्हणतो टोचली. मी टोचतंय तिथलं काढते, की झालं."

परवा जेवताना मी धीर करून विचारलं, "तिथे अजून एक जागा आहे का गं?"

तिने घास थांबवला. "आहे. मीच सांगणार होते. पण ते आधी केलेलं काम बघायला मागतात. मी माझ्या बाजूचा फोटो दाखवला होता."

"मग?"

"मग काय?" ती म्हणाली. "तुम्ही काय दाखवाल?"